पालथं झोपून मिळवलेलं सुवर्ण

माझ्या मुलीनं राज्य स्पर्धेतलं सुवर्णपदक माझ्या हातात ठेवलं, तेव्हा मी आधी ते उलटं करून पाहिलं. मागे काय लिहिलंय ते वाचलं. कौतुक त्यानंतर केलं, तेही जरा घाईनं, कारण मी पदक उलटं करताना तिनं पाहिलं होतं.

सवयच तशी आहे. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे या गावी आमचं कापडाचं दुकान आहे. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे, ठोकवाला सुती म्हणून थान देतो, त्याचा धागा वरून काढायचा नाही. आतल्या घडीतून काढायचा आणि काडी लावून जाळून पाहायचा. राख झाली तर सुती, कडक गोळी झाली तर मिसळ. दुसरी म्हणजे, बाहेरच्या बाजारात भाव विचारायला गेलं की आपण कोण हे सांगायचं नाही. नाव कळलं की समोरचा माणूस बघून भाव सांगतो, माल बघून नाही. या दोन गोष्टींवर दुकान चाललं आणि माझा स्वभावही त्यांच्यावरच घडला. नवरा म्हणतो, तू देवाच्या प्रसादाचाही वास घेऊन पाहशील. म्हणू दे. आमच्या दुकानात खोटा माल शिरला नाही तो माझ्यामुळे.

मुलीची नेमबाजी शाळेत असताना सुरू झाली. वर्ध्याच्या क्लबात दहा मीटरवर हवेची बंदूक, उभं राहून. आठवड्यातले चार दिवस सकाळच्या गाडीनं जायची आणि दुपारी परत. पुढे क्लबातल्या सरांनी तिला पन्नास मीटरच्या मोठ्या बंदुकीकडे वळवलं. त्यासाठी नागपूरच्या रेंजवर जावं लागे. हा प्रकार पालथं झोपून मारायचा असतो. चटईवर पोटावर झोपायचं, डाव्या दंडाला पट्टा आवळायचा आणि टिकलीएवढ्या दिसणाऱ्या काळ्या ठिपक्यावर साठ गोळ्या मारायच्या. मे महिन्यातही अंगात ते जाड जाकीट. तिचं डावं कोपर काळं पडून टणक झालं होतं. मी त्याला खोबरेल तेल चोळायचे आणि मनात म्हणायचे, हे सगळं नेमकं कशासाठी.

त्याच स्पर्धेत तिच्या मैत्रिणीलाही पदक मिळालं. मैत्रीण हिंगणीची, शेतकऱ्याच्या घरची. दोघी सात वर्षं एकाच सरांकडे शिकत होत्या. हिंगणीची बस चुकली की ती आमच्याकडे राहायची, माझ्या हातची जवसाची चटणी दोनदा मागून घ्यायची आणि मला काकू म्हणायची. तिला हवेच्या बंदुकीत, उभं राहून मारण्याच्या प्रकारात, तिसरा नंबर मिळाला. माझ्या मुलीला झोपून मारण्यात पहिला.

"हे ऑलिम्पिकात असते का?" मी पदक हातात धरूनच विचारलं.

"नाई," मुलगी म्हणाली.

"अन् तिचं?"

"तिचं असते." एवढं बोलून ती बॅग घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी हिंगणीत मैत्रिणीची मिरवणूक निघाली. फुलांनी सजवलेला ट्रॅक्टर, डीजे, आणि चौकात तिचा फोटो असलेला मोठा फ्लेक्स: ऑलिम्पिकच्या वाटेवर आमची लेक. आम्ही मायलेकी गेलो होतो. मी पेढे नेले, तिच्या आईसाठी दुकानातली एक चांगली साडी नेली. माझी मुलगी ट्रॅक्टरवर चढून मैत्रिणीच्या शेजारी उभी राहिली आणि दोघी नाचल्या. मी खाली उभी होते. मला जळजळ झाली. त्याला दुसरा शब्द मी शोधला नाही, अजूनही नाही.

आमच्या गल्लीतही लोक आले अभिनंदन करायला. पण प्रत्येकाचं दुसरं वाक्य तेच. ऑलिम्पिकात आहे का? नाही म्हटलं की त्यांचा चेहरा तसाच हसरा राहायचा, फक्त चहा जरा लवकर संपायचा. धाकटे दीर जेवताना म्हणाले की झोपून मेडल मिळत असेल तर आपल्या घरात चार चॅम्पियन आहेत. सगळे हसले, मुलगीही हसली. दुकानात नेहमी येणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी मला नीट समजावून सांगितलं. ऑलिम्पिक म्हणजे बोर्डाची परीक्षा, बाकी सगळ्या घटक चाचण्या. घटक चाचणीत पहिला आलेला मुलगा पुढे कोणाच्या लक्षात राहतो का? मला ते पटलं. इतकं पटलं की मी त्यांना ब्लाउजपीसवर सूट दिली.

मग मी माझ्या पद्धतीनं चौकशी सुरू केली. मुलगी आंघोळीला गेली की तिच्या फोनवर स्पर्धेचा निकाल उघडायचा. तिच्या प्रकाराची यादी एका पानावर संपत होती. मैत्रिणीच्या प्रकाराची पानं मी अंगठ्यानं सरकवत राहिले, सरकवत राहिले, संपेनात. म्हणजे इकडे मूठभर पोरींत पहिली आणि तिकडे जत्रेत तिसरी. आता कोणतं मोठं? मला आणखी एक शंका आली, ती लिहायलाही बरी वाटत नाही. सोपं आहे, गर्दी नाही, म्हणून माझ्या मुलीनंच तर हे निवडलं नसेल?

मुलीवर संशय घेणं जड गेलं, म्हणून मी तो सरांवर घेतला. एक दिवस तिला न सांगता वर्ध्याला गेले. सर रेंजच्या बाहेर खुर्ची टाकून बसले होते. मी विचारलं की दोघी एकदमच तुमच्याकडे आल्या, मग एक ऑलिम्पिकच्या खेळात उभी आणि माझी पोटावर पालथी, हे कसं काय?

सरांना राग आला नाही. ते म्हणाले, ताई, तुमची मुलगी उभी राहिली की तिची बंदूक डोलते, झोपली की दगड होते. शरीर पाहून प्रकार द्यावा लागतो. ऑलिम्पिकात काय ठेवायचं हे नेमबाज ठरवत नाहीत. किती खेळाडूंना जागा द्यायची, बायका आणि पुरुषांचे प्रकार सारखे कसे करायचे, टीव्हीवर काय बरं दिसतं, अशा गोष्टींवर ते ठरतं. झोपून मारायचा प्रकार पुरुषांसाठी ऑलिम्पिकात होता, खूप वर्षं होता. काही वर्षांपूर्वी काढला. मग त्याआधी ज्यांनी त्यात पदकं घेतली ती आता पितळेची झाली का? जागतिक अजिंक्यपद त्या प्रकारात आजही दिलं जातं, आणि ते जिंकणाऱ्याला दुसरे नेमबाज वाट सोडून देतात. उलट ऑलिम्पिकात एका देशाच्या दोघींनाच उभं राहता येतं, जागतिक स्पर्धेत त्याहून जास्त जणी असतात. तिथली गर्दी कधीकधी अधिक कठीण असते. आणि यादी लहान का, तर मोठ्या बंदुकीच्या गोळ्या महाग, रेंज कमी, परवानग्या फार. ज्या पोरी त्यातूनही तिथवर पोचतात त्या कच्च्या नसतात.

सगळं नीट सांगितलं त्यांनी. माझा संशय नेमका त्यामुळेच वाढला. एवढं तयार उत्तर कोणाजवळ असतं? ज्याला ते आधी कोणाला तरी द्यावं लागलंय त्याच्याजवळ. परतताना गाडीत आमच्या ओळखीची एक बाई भेटली, तिच्याकडून कळलं की सरांच्या बायकोचं माहेर सेलू तालुक्यातलं. हिंगणीही सेलू तालुक्यातच. झालं, माझा हिशोब जुळला. सिंदीही त्याच तालुक्यात आहे, हे मला त्या वेळी आठवलं नाही.

यानंतर दोनेक महिन्यांनी सरकारी नोकरीची एक जाहिरात निघाली. खेळाडूंसाठी काही जागा राखीव होत्या. दोघींनी आमच्याच घरी, आमच्याच कॉम्प्युटरवर एकत्र बसून अर्ज भरले. एकमेकींच्या प्रमाणपत्रांचे नंबर वाचून दाखवत होत्या आणि मध्येच हसत होत्या. मी मागे पोहे घेऊन उभी होते. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: तिचा कागद चालेल, हिचा चालेल का? ऐन वेळी कोणी म्हणालं की हा प्रकार ऑलिम्पिकात नाही, बाजूला व्हा, तर? पोरगी एवढ्या आशेवर बसेल आणि तोंडघशी पडेल.

नवऱ्याला म्हटलं, कुठं तरी विचारून घेऊ. तो म्हणाला, सरांना विचार. सरांना काय विचारायचं, संशय तर त्यांच्यावरच होता. मुलीला विचारायचं तर तिला वाटलं असतं आईचा आपल्या पदकावर भरवसा नाही. तो नव्हताच, पण तिला कळू द्यायचं नव्हतं. म्हणून मी जिथं अशी प्रमाणपत्रं तपासतात त्या कार्यालयाला पत्र लिहायचं ठरवलं.

सिंदीच्या पोस्टात टाकलं असतं तर पोस्टमनला कळलं असतं, आणि त्याला कळलं म्हणजे गल्लीला कळलं. त्याच आठवड्यात सेलूला नणंदेकडे वास्तुशांती होती. तिथून तासभर निसटले आणि तहसीलसमोरच्या टायपिंगवाल्याकडे गेले. मजकूर मी तोंडी सांगितला. अमुक क्रमांकाचं प्रमाणपत्र ऑलिम्पिकमध्ये समाविष्ट नसलेल्या प्रकारातलं असल्यानं ते राखीव जागेसाठी ग्राह्य आहे किंवा कसे, याची खात्री करावी. नंबर मी चिठ्ठीवर उतरवून नेला होता. नंबराशिवाय ते काय सांगणार?

टायपिंगवाल्यानं विचारलं, खाली नाव काय टाकू. मी म्हटलं नाव नको. भाव विचारताना नाव सांगायचं नाही, हे मला इतकं सवयीचं होतं की त्यात काही वावगं वाटलं नाही. तो म्हणाला, मॅडम, नाव नाही तर खाली काहीतरी पाहिजे, रिकामं बरं दिसत नाही. आणि मला न विचारताच त्यानं टाइप केलं: एक जागरूक नागरिक. मला ते वाचून बरंच वाटलं. मी पाकीट तिथल्याच पेटीत टाकलं आणि नणंदेकडे जाऊन पंगतीत वाढू लागले. उत्तर पाठवायला त्यांच्याकडे पत्ता नव्हता, हे मला चौथ्या दिवशी सुचलं. तेव्हा वाटलं, जाऊ दे, जास्तीत जास्त काय, उत्तर येणार नाही.

उत्तर आलं, पण मुलीच्या नावानं आलं.

दुपारची वेळ होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ती कागद घेऊन आली आणि गल्ल्यासमोर उभी राहिली. तिच्या प्रमाणपत्राबाबत तक्रार प्राप्त झाली आहे, मूळ कागदपत्रांसह अमुक दिवशी हजर राहावं, तोवर पडताळणी स्थगित. सोबत तक्रारीची आणि तिच्या पाकिटाची झेरॉक्स जोडलेली होती. मी वाचायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीत मला माझंच वाक्य भेटलं. ग्राह्य आहे किंवा कसे. ते 'किंवा कसे' माझं होतं, मी खास सांगून घातलं होतं. चष्मा पुसायच्या निमित्तानं मी मान खाली घातली.

मी चौकशी केली होती. तिकडे ती तक्रार झाली होती. नाव नसलेला कागद, वर प्रमाणपत्राचा बरोबर नंबर, खाली जागरूक नागरिक. त्यांच्या जागी मी असते तर मीही दुसरं काही समजले नसते.

मुलगी मात्र पाकिटाची झेरॉक्स पाहत होती. तिनं शिक्क्यावर बोट ठेवलं. सेलू.

"नंबर फक्त तिलेच माहीत होता," ती म्हणाली. "आपल्याच घरी बसून मी तिले वाचून दाखवला. अन् पोस्टाचा शिक्का पाह्य."

मी गप्प बसले. ते कबूल करताना आजही तोंड कडू होतं. मी एवढंच म्हणू शकत होते की अगं, मीच. तीन शब्द सुद्धा नाहीत. त्याऐवजी मी म्हणाले की घाई नको, कोणाचं नाव घेऊ नको, तपासात कळेलच. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण मला खवखवण्याआधी भीती वाटली. तिच्या नजरेत मी उतरेन याची भीती. मैत्रीण उतरली तर उतरू दे, असं मी मनात म्हटलं नाही. पण वागले तसंच.

तिनं मैत्रिणीचा फोन उचलणं बंद केलं. वर्ध्याच्या क्लबात जाणं बंद केलं, कारण तिथं दोघींची गाठ पडायची. मैत्रिणीच्या कागदांची पडताळणी तेवढ्यात होऊनही गेली. हे कळल्यावर मुलीची खात्रीच झाली. ती मला रोज नवा पुरावा आणून द्यायची. अमुक दिवशी ती असं का म्हणाली होती, तमक्या दिवशी गप्प का होती. मिरवणुकीत तिच्या बापानं आपल्याकडे पाहिलं नव्हतं ते आठव. मी ऐकायचे आणि मला माझाच आवाज ऐकू यायचा. माझी मुलगी माझ्यासारखी कधीच नव्हती. पंधरा दिवसांत झाली.

सुनावणीच्या चार दिवस आधी मैत्रीण स्वतः दुकानात आली; तक्रारीचं आणि तिच्यावरच्या संशयाचं तिच्या कानावर गेलं होतं. मुलगी घरी नव्हती. ती आत आली नाही, गिऱ्हाइकासारखी काउंटरपलीकडेच उभी राहिली.

"काकू, मी नाई केलं ते," ती म्हणाली. "तुमी तरी तिले सांगा. तुमचं आयकते ती."

मी तिला बस म्हटलं. ती बसली नाही. मी म्हणाले, पोरी, मला यातलं काय कळते, तुमचं तुम्ही पाहा. या सात वर्षांत मी तिला कधी 'तुमचं तुम्ही' म्हटलं नव्हतं. तिनं डोळे पुसले नाहीत की काही नाही, फक्त मान हलवली आणि निघाली. चहासुद्धा घेतला नाही. ती बसस्टँडकडे वळेपर्यंत मी बघत होते, आणि हाक मारली नाही. माझ्या आयुष्यात मी खोटा माल विकला तो त्या दिवशी.

सुनावणीला मी मुलीबरोबर वर्ध्याला गेले. नवरा येतो म्हणाला होता, मीच नको म्हटलं. अधिकारी तरुण होते, नीट बोलणारे. त्यांनी प्रमाणपत्र पाहिलं, पदक पाहिलं, निकालाची यादी त्यांच्याजवळच्या प्रतीशी ताडून पाहिली. दहा मिनिटांत म्हणाले, ठीक आहे, यात काही गैर नाही. मुलीनं विचारलं की मग ऑलिम्पिकचं काय? ते म्हणाले की तो प्रश्न आमच्याकडे नव्हताच. स्पर्धा मान्यताप्राप्त होती का आणि ही मुलगी खरोखर त्यात खेळली का, एवढंच आम्ही बघतो. निनावी पत्रं आम्ही बहुतेक बाजूला ठेवतो, पण यात नंबर बरोबर होता, म्हणून वाटलं कोणीतरी जवळच्या माणसानं माहितीवरून लिहिलंय.

सुटले, असं मला वाटलं. कागद ग्राह्य ठरला, कोणाला काही कळलं नाही, आता हळूहळू दोघी बोलायला लागतील. मी पदर सावरून उठले सुद्धा.

मुलगी उठली नाही. तिनं बॅगेतून एक लिहिलेला कागद काढला. मैत्रिणीच्या नावानं तक्रार होती ती. तिनं माझ्यावर खोटी तक्रार केली, तिच्याही प्रमाणपत्राची फेरतपासणी व्हावी, आणि खाली सही, नाव, पत्ता, फोन नंबर, सगळं. तिनं नाव लपवलं नव्हतं. ती तो कागद टेबलावर ठेवत होती, तेव्हा मी तिचा मनगटाशी हात धरला. अधिकाऱ्यांना म्हटलं, दोन मिनिटं द्या साहेब. आणि तिला बाहेर व्हरांड्यात आणलं.

तिथं एक बाकडं होतं, त्यावर कोणीतरी फाइली ठेवल्या होत्या. आम्ही उभ्याच राहिलो. मी सांगितलं. सेलू, वास्तुशांती, टायपिंगवाला, नंबराची चिठ्ठी, सगळं क्रमानं सांगितलं. मध्ये थांबले असते तर पुढचं निघालं नसतं.

"मले काऊन नाई पुसलं?" ती म्हणाली.

"तुले वाईट वाटलं असतं."

"मी तिच्या खेळात तिसरी आली असती, तं लिवलं असतं काय तू पत्र?"

मला खोटं बोलता आलं असतं. सवय झालीच होती पंधरा दिवसांची.

"नाई," मी म्हटलं.

तिनं तक्रारीचा कागद दोनदा दुमडून बॅगेत ठेवला. म्हणाली की ती वर्ध्यालाच थांबते, सरांना भेटून येते, ते मैत्रिणीला सामील असतील असंही तिनं पंधरा दिवस मनात आणलं होतं. मी म्हटलं, मग मी घरी जाते.

"घरी नाई. हिंगणीले जा," ती म्हणाली. "तिले तूच सांग. मी सांगितलं तं तिले वाटन का मी तुले वाचवून राह्यली."

मी बसनं सेलू आणि तिथून दुसऱ्या बसनं हिंगणीला गेले. चौकातला फ्लेक्स अजून होता, उन्हानं फिकट झाला होता. मैत्रिणीचं घर शाळेच्या मागे. ओसरीवर तिची आई चण्याची भाजी खुडत बसली होती. मला पाहून तिनं हातातलं टोपलं बाजूला केलं, पण या म्हणाली नाही. मैत्रीण आतून आली आणि दारातच थांबली. मी पायरीवर उभी राहून दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. हे सांगणं पहिल्याहून कठीण गेलं, कारण त्यात तिनं दुकानात येऊन केलेल्या विनवणीचा भाग होता. मी हात जोडले. म्हटलं, चूक माझी, माझ्या मुलीची नाही. तिच्यावर राग धरू नको, माझ्यावर धर.

तिच्या आईनं माझ्याकडे पाहिलं आणि मग मुलीकडे. मला वाटलं आता बोलणी खावी लागतील. मी तयारीनंच आले होते, खाल्ली असती. बरंही वाटलं असतं.

मैत्रीण एवढंच म्हणाली, "काकू, माह्या कागदाबद्दलबी लिवलं काय तुमी?"

मी नाही म्हटलं. देवाची शपथ घेतली, तिच्या आईच्या समोर पोटच्या पोरीची शपथ घेतली. खरंच लिहिलं नव्हतं. एक अक्षर लिहिलं नव्हतं. ती ऐकून घेत होती, मध्ये बोलत नव्हती, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं की तिला ते खरं वाटत नाही. वाटावं असं काही मी तिला दिलंही नव्हतं.

मग ती आत गेली. पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला, कड्या उघडल्याचा आला. तिच्या आईनं पुन्हा भाजी हातात घेतली. मी पायरीवरच उभी होते, आणि आत ती स्वतःचंच एकेक प्रमाणपत्र काढून, उलटं करून पाहत होती.